रिपोर्टमागचं शिक्षण

पावसाळा सरत आला की गावोगावच्या लॅबमध्ये प्लेटलेटचा आकडा विचारणाऱ्यांची गर्दी होते. डेंग्यूची साथ, घरात तापानं फणफणलेला माणूस आणि सेल काउंटरनं दाखवलेला आकडा, २८ हजार. नातेवाईक ब्लड बँकेचा नंबर शोधू लागतात. चांगला टेक्निशियन मात्र हा आकडा तसाच रिपोर्टवर चढवत नाही. त्याच नळीतला एक थेंब तो काचेवर पसरतो, लिशमन स्टेन देतो आणि मायक्रोस्कोपखाली स्मिअरच्या निमुळत्या टोकाकडे आधी बघतो. तिथे प्लेटलेट पुंजके करून बसलेल्या दिसल्या की उलगडा होतो. काही जणांचं रक्त ईडीटीए या गोठणरोधकात घेतलं की त्यातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. अशा वेळी निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत नव्यानं रक्त घ्यायचं आणि येणाऱ्या आकड्याला १.१ नं गुणायचं. मघाशी धोक्यात वाटणाऱ्या पेशंटच्या प्लेटलेट चक्क दीड लाखाच्या वर निघू शकतात.

यंत्र बिघडलेलं नव्हतं आणि नळीही बरोबर होती, तरी आकडा चुकीचा होता. ही शंका घ्यायला आणि तिचा छडा लावायला जिथे शिकवलं जातं तो अभ्यासक्रम म्हणजे डीएमएलटी, अर्थात डिप्लोमा इन मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी. रस्त्यावरच्या प्रत्येक लॅबच्या पाटीवर ही अक्षरं दिसतात, पण त्यामागे नेमकं काय शिकावं लागतं हे रक्त देणाऱ्याला क्वचितच ठाऊक असतं.

महाराष्ट्रात या कामाकडे जाणाऱ्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. बारावी सायन्सनंतर डिप्लोमा करता येतो, मायक्रोबायॉलॉजी किंवा केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाल्यावर पदव्युत्तर डिप्लोमाही करता येतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी आहे. त्यात तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते, आणि लॅबोरेटरी टेक्निशियन ही त्यातली एक शाखा. वाट कुठलीही घेतली तरी विषय साधारण तेच. हिमॅटॉलॉजीत रक्तपेशी, क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीत साखर-युरिया-कोलेस्टेरॉल, मायक्रोबायॉलॉजीत जंतू, ब्लड बँकिंगमध्ये रक्तगट, हिस्टोपॅथॉलॉजीत पेशीजालाचे पातळ काप, आणि क्लिनिकल पॅथॉलॉजीत लघवी, शौच व शरीरातले इतर द्रव. बहुतेकांच्या बॅगेत प्रफुल्ल गोडकर आणि दर्शन गोडकर यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक असतं. मुंबईच्या भलाणी प्रकाशनाचं हे पुस्तक विद्यार्थ्यांमध्ये नुसतं ‘गोडकर’ म्हणूनच ओळखलं जातं.

पण हा अभ्यासक्रम खरा घडतो तो प्रॅक्टिकलला. स्मिअर पसरण्याचंच घ्या. थेंब लहान हवा. दुसरी काच तीस ते पंचेचाळीस अंशांत धरून थेंबाकडे मागे न्यायची, थेंब तिच्या काठाला लागून दोन्हीकडे पसरला की एका दमात पुढे ओढायची. जोर नको आणि मध्येच थांबणंही नको. नीट जमलेला स्मिअर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होत गेलेला, जिभेच्या आकाराचा असतो. रक्त पातळ असेल, म्हणजे पेशंटला ॲनिमिया असेल, तर काच थोडी उभी धरायची. रक्त दाट असेल तर आडवी. सुरुवातीला प्रत्येकाच्या स्लाइडवर लाटा उठतात, भोकं पडतात किंवा रक्त कडेपर्यंत वाहून जातं. शेवटी हात तयार होतो आणि मगच नजर तयार होऊ लागते.

पांढऱ्या पेशी हातानं मोजणं हा असाच एक जुना पाठ. रक्त टर्कच्या द्रावणात वीस पट पातळ करायचं. त्यातल्या अ‍ॅसेटिक ॲसिडनं लाल पेशी फुटतात आणि जांभळ्या रंगानं पांढऱ्या पेशींची केंद्रकं उठून दिसतात. मग ते न्यूबॉअर चेंबर या चौकोन आखलेल्या काचेत सोडायचं. चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन मोजायचे. प्रत्येकाचं क्षेत्रफळ एक चौरस मिलिमीटर आणि खोली ०.१ मिलिमीटर. म्हणजे एकूण ०.४ मायक्रोलिटर जागेतल्या पेशी मोजल्या जातात. वीस भागिले ०.४ म्हणजे पन्नास, म्हणून मोजलेल्या पेशींना पन्नासनं गुणायचं. रेषेवर बसलेल्या पेशींचं काय? ठरवलेल्या दोन बाजूंच्या रेषांवरच्या घ्यायच्या, उरलेल्या दोन बाजूंच्या सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते.

आज हे काम सेल काउंटर मिनिटभरात करतो. वॉलेस कोल्टर या अमेरिकन अभियंत्यानं १९५३ मध्ये पेटंट घेतलेलं तत्त्व त्यामागे आहे. पेशी एका बारीक छिद्रातून जाताना विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो आणि त्या अडथळ्यांची गणती म्हणजे पेशींची संख्या. मग हाताची पद्धत शिकवायची कशाला, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. त्याचं उत्तर प्लेटलेटच्या त्या पुंजक्यांत आहे. छिद्रातून नेमकं काय गेलं हे यंत्राला कळत नाही, त्याला फक्त अडथळा कळतो. पन्नास हा गुणक कुठून आला हे ज्यानं स्वतः मांडलंय, त्याला यंत्राचा आकडाही कसा तयार झाला असेल हे डोळ्यापुढे आणता येतं आणि त्यात खोट कुठे असू शकते हेही.

लॅबमधल्या चुकांचा मोठा वाटा मुळात यंत्रापर्यंत पोचण्याआधीचा असतो. त्यामुळे रक्त काढण्याचा धडा हा या अभ्यासक्रमातला सर्वात महत्त्वाचा धडा म्हणायला हवा. टूर्निकेट मिनिटभराहून जास्त बांधून ठेवायची नाही. सिरिंजमधलं रक्त जोरानं नळीत दाबायचं नाही, कारण लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम सिरममध्ये उतरतं आणि रिपोर्ट उगाच घाबरवणारा येतो. टोपणांच्या रंगांचा क्रमही पाळायचा: कल्चरची बाटली पहिली, मग निळी, लाल, हिरवी, जांभळी आणि शेवटी करडी. जांभळ्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. ते चुकून लाल नळीत गेलं तर पोटॅशियम वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम अशक्य वाटावं इतकं खाली येतं. हे दोन आकडे जोडीनं दिसले की पेशंटकडे धावण्याआधी नळीकडे बघायचं, हे शिकवलेलं असतं. करड्या नळीतल्या फ्लोराइडचं कारण वेगळं आहे. रक्त काढल्यावरही पेशी साखर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला साधारण पाच ते सात टक्के. फ्लोराइड ते थोपवतं. तालुक्याच्या गावातून शहरातल्या लॅबला नमुना पोचायला दुपार होत असेल, तर ही करडी नळी नसताना मधुमेह्याची साखर खोटीच नॉर्मल येऊ शकते.

आणि नाव. ‘तुम्ही पाटीलकाका ना?’ असं विचारायचं नाही. ताप आलेला, ऐकू कमी येणारा म्हातारा माणूस कशालाही हो म्हणतो. ‘काका, तुमचं पूर्ण नाव सांगता का?’ असं विचारायचं, आणि लेबल रक्त काढल्यावर तिथेच, पेशंटसमोर लावायचं.

ब्लड बँकिंगच्या वर्गात मुंबईचं नाव जगभर घेतलं जातं. कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये एबीओ रक्तगट मांडले आणि १९३० मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्यानंतर १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या प्रकाराची नोंद केली, तो आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे प्रतिजन ज्या एच प्रतिजनावर उभे राहतात तो एचच या माणसांच्या पेशींवर नसतो. अँटी-ए आणि अँटी-बी टाकून काचेवर बघितलं तर गुठळ्या होत नाहीत, आणि घाईत ‘ओ’ असं लिहून मोकळं होता येतं. म्हणून विद्यार्थ्यांना उलट तपासणीही करायला लावतात. पेशंटचं सिरम घ्यायचं आणि ते माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकायचं. खऱ्या ओ गटाचं सिरम ओ पेशींना गुठळ्या करत नाही, बॉम्बे गटाचं करतं. अशा पेशंटला साधं ओ रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो. त्याला बॉम्बे गटाच्याच दात्याचं रक्त लागतं. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. म्हणजे नेहमीच्या कामात तो क्वचितच समोर येतो, पण ज्या दिवशी येतो त्या दिवशी उलट तपासणी झालेली असायलाच लागते. ती रोज, प्रत्येक नमुन्यावर करण्याची सवय इथेच लागते.

मायक्रोबायॉलॉजीत क्षयरोग टळत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला क्षयाच्या जंतूची घोषणा केली, आणि त्या जंतूला रंगवण्याची झील-नील्सन पद्धत आजही वर्गात तशीच शिकवतात. थुंकीच्या स्मिअरवर कार्बल फ्युक्सिन ओतायचं, काचेखालून ज्योत फिरवायची, वाफ दिसू लागली की थांबायचं. उकळू द्यायचं नाही. पाच मिनिटं ठेवून धुवायचं. मग सल्फ्युरिक ॲसिड, आणि शेवटी मिथिलिन ब्लू. क्षयाच्या जंतूचं मेणचट आवरण आत शिरलेला रंग ॲसिडनं धुतलं तरी सोडत नाही, म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर ते लालसर, बारीक काड्यांसारखे दिसतात. ऑइल इमर्शनखाली शंभर फील्ड बघितल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहिता येत नाही. शंभर फील्डमध्ये एक ते नऊ जंतू दिसले तर नेमका आकडा लिहायचा, दहा ते नव्व्याण्णव दिसले तर १+. पुढे २+ आणि ३+ आहेत. दिवसाची विसावी स्लाइड असो, डोळे दुखत असोत, शंभर म्हणजे शंभर.

आता थुंकीतून जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रं आली आहेत. गोव्यात मुख्यालय असलेल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, छोट्या केंद्रातही ठेवता येतं, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्याच वर्षी कोविडनं आरटी-पीसीआर हा शब्द घराघरात नेला. ३० जानेवारी २०२० ला भारतातल्या पहिल्या रुग्णाचं निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झालं, आणि पुढे पीपीई किट घालून घशातले स्वॅब घेणाऱ्यांत आणि ते तपासणाऱ्यांत लॅब टेक्निशियन मोठ्या संख्येनं होते.

यंत्रं वाढली तसा अभ्यासक्रमात क्वालिटी कंट्रोलचा भाग वाढला. सकाळी पेशंटच्या नमुन्याआधी ठाऊक मूल्याचं कंट्रोल सिरम चालवायचं आणि आलेला आकडा लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर मांडायचा. १९५० पासूनचा हा साधा आलेख. बिंदू सरासरीच्या दोन्ही बाजूंना विखुरले तर ठीक. ते सलग एकाच बाजूला सरकू लागले तर रिएजंट जुना झाला असेल, यंत्रातला दिवा क्षीण झाला असेल किंवा कॅलिब्रेशन ढळलं असेल. जेम्स वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये यासाठी नियम आखून दिले, ते पाठ करावे लागतात. बाहेरूनही परीक्षा असते. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरच्या लॅबना नमुने पाठवतं आणि त्यांची उत्तरं ताडून बघतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हे सगळं ज्या अभ्यासक्रमात आहे त्याच नावाखाली, रोज पुरेसे नमुनेही न येणाऱ्या जागेत, तारीख उलटलेल्या रिएजंटवर आणि एकाच मायक्रोस्कोपभोवती दाटीवाटीनं उभं राहून शिकवणारेही वर्ग चालतात. स्मिअर पुस्तकातून येत नाही, शीर हातमोज्याखाली चाचपल्याशिवाय कळत नाही. प्रवेश घेणाऱ्या मुलानं आणि त्याच्या आईवडिलांनी फीच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. वर्ग कोणत्या रुग्णालयाला जोडलेला आहे आणि तिथे दिवसाला किती नमुने तपासले जातात, ही एक. प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, ही दुसरी.

टेक्निशियनच्या अधिकाराची रेषाही स्पष्ट आहे. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. चाचणी टेक्निशियननं करायची, अर्थ लावून सही पॅथॉलॉजिस्टनं करायची. रुग्णाच्या दृष्टीनं ही वाटणी योग्यच आहे. पण चाचणी करणाऱ्याचं शिक्षण आणि दर्जा देशभर एकसारखा असावा यासाठीचा कायदा यायला २०२१ उजाडलं. त्या वर्षीच्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानं लॅब टेक्नॉलॉजिस्टला व्यावसायिक म्हणून ओळख दिली.

या शिक्षणाची गरज कुठे सर्वात जास्त आहे हे बघायचं तर नंदुरबार, गडचिरोलीकडे बघावं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागातल्या आदिवासी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं २०४७ पर्यंत तो आटोक्यात आणण्याचं ठरवलं आहे. गावपातळीवर पहिली तपासणी सॉल्युबिलिटी टेस्टची. रक्ताचे काही मायक्रोलिटर डायथायोनाइटच्या द्रावणात घालायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण मूल वाहक आहे की आजारी, हे या नळीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे त्याच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबताही येत नाही. हे आईला तिच्या भाषेत सांगू शकणारा आणि पुढचा नमुना वेळेत पाठवणारा टेक्निशियन त्या पाड्यांवर हवा आहे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या सरकारी वर्गांत धडगाव, अक्कलकुवा, भामरागड, एटापल्लीच्या मुलामुलींना जागा, वसतिगृह आणि स्टायपेंड मिळायला हवं, आणि शिक्षण संपल्यावर त्यांच्याच तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम नेमणूक.