पाचोळ्यातील शिसे

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील व्हाइट पर्वतराजीत हबर्ड ब्रूक नावाचे प्रायोगिक अरण्य आहे. मेपल, बीच व बर्च यांच्या या अरण्यात काय येते आणि तेथून काय वाहून जाते, याचा काटेकोर जमाखर्च लाइकेन्स, बोरमन प्रभृती शास्त्रज्ञांनी १९६३ पासून ठेवला; आणि त्या दप्तरात शिशाची नोंद विशेष उद्बोधक आहे.

१९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा प्रघात पडला, आणि मोटारींच्या धुरातून सुटलेले ते शिसे वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन, पर्जन्य व हिम यांच्या वाटे या डोंगरांवर उतरून पाचोळ्यात साचत गेले. पान कुजू लागले की त्यातील पोटॅशियम पहिल्या पाण्याबरोबरच निघून जाते, कर्ब वायुरूपाने मोकळा होतो. शिसे मात्र कुजकट सेंद्रिय द्रव्याला घट्ट चिकटून राहते, म्हणून पानाचे वजन घटते तसतसे उरलेल्या अंशात त्याचे प्रमाण वाढतच जाते. जस्त आणि कॅडमियम इतके स्थिर नसतात. आम्लधर्मी पाण्यात ते लवकर सुटतात.

हिवाळ्यात हिमाचा जाड थर घोंगडीसारखा जमिनीवर पसरतो, माती सहसा खोलवर गोठत नाही, आणि कुजण्याचे कार्य मंदगतीने चालू राहते. वसंतात तो थर वितळला म्हणजे पाण्याचा मोठा लोंढा पाचोळ्यातून झिरपतो, आणि विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या आश्रयाने शिसेही खाली उतरते.

हे शिसे शतकानुशतके पाचोळ्यातच अडकून राहील, असा पूर्वी तज्ज्ञांचा कयास होता; परंतु १९७० नंतरच्या निर्बंधांनी आवक घटताच त्या थरातील साठाही अपेक्षेहून लवकर उतरू लागला. ओढ्यांत त्याचा अत्यल्प अंशच आला. बाकीचे खालच्या खनिज मातीने अडवून धरले.

याच अरण्यात काही ठिकाणी हिम मुद्दाम बाजूला सारले असता माती गोठली, झाडांची बारीक मुळे मेली आणि नायट्रेटचा निचरा वाढला. तापत्या हवामानात हिमाचे आच्छादन विरळ होत असताना ही गोष्ट गांभीर्याने घ्यावयास हवी. शिशाकडे परत यायचे तर, १९९६ मध्ये अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. तिने मोटारींच्या धुरातून होणारी नवी आवक थांबली, पण आधीच उतरलेले शिसे त्या भूमीतच आहे. त्याचा सांभाळ तेथील माती बिनतक्रार करीत आहे. तिला ते सामर्थ्य देणारे हिम, पाचोळा आणि वृक्ष राखणे हे आपले कर्तव्य होय.