जुन्या बुलेटला नवा कॅम : जोर येतो कोठून?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात मोटारसायकलच्या इंजिनावर लिहावे, याचे काही मित्रांना व प्राध्यापकांना नवल वाटेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील गॅरेज चालवतात, त्यामुळे पुस्तकांच्या आधी माझी ओळख झाली ती पान्यांशी. गॅरेजात अधूनमधून कोणीतरी जुनी बुलेट घेऊन येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, हिला जरा जोर येईल असं काहीतरी करा." हे 'काहीतरी' म्हणजे बहुधा दोनच गोष्टी असतात : वेगळा कॅम बसवणे आणि कॉम्प्रेशन वाढवणे. दोन्हींना पैसा लागतो, आणि निवड चुकली तर चांगले इंजिनही बिघडते. म्हणून या दोन गोष्टी नेमके काय करतात, हे समजून घेऊ.

यंत्राची थोडी ओळख

बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि ३५० सी.सी.ची बुलेट तेथे जुळू लागली. पुढे इंग्लंडातील कारखाना बंद पडला; पण मद्रासला तेच बिडाच्या सिलिंडरचे इंजिन, थोड्याफार फरकाने, २०१० च्या सुमारापर्यंत बनत राहिले. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या बुलेट त्या वंशातल्या.

या इंजिनाचा बोअर ७० मि.मी. आणि स्ट्रोक ९० मि.मी. म्हणजे पिस्टन अरुंद, पण त्याची धाव लांब. यावरून येणारे आकारमान ३४६ सी.सी. ताकद सुमारे १८ हॉर्सपॉवर, तीही मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांवर. हे इंजिन पळण्यापेक्षा ओढण्यासाठी केलेले आहे. पुढील सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

कॉम्प्रेशनचा हिशोब

पिस्टन वर येताना पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते. ते किती पट दाबले जाते, त्या आकड्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. जुन्या देशी बुलेटमध्ये तो साधारण ६.५ असे. त्या काळी मिळणारे पेट्रोल कमी ऑक्टेनचे होते. जास्त दाबले तर ते ठिणगीनंतर नीट जळत जाण्याऐवजी एकदम भडकून पिस्टनवर घाव घालते. यालाच नॉकिंग म्हणतात. आज पंपावरचे साधे पेट्रोलही त्याहून जास्त ऑक्टेनचे असते. तेव्हा कॉम्प्रेशन थोडे वाढवायला जागा आहे, हे खरे.

किती वाढवावे? ३४६ सी.सी.ला ६.५ चा रेशो म्हणजे पिस्टन वर असताना हेडमध्ये उरणारी जागा सुमारे ६३ सी.सी. रेशो ७.२५ हवा असेल तर ती जागा ५५ सी.सी.वर आणावी लागते, आणि ८ हवा असेल तर ४९ वर. सत्तर मि.मी. बोअरच्या सिलिंडरची उंची एक मि.मी.ने कमी केली, की जागा ३.८५ सी.सी.ने घटते. म्हणजे ७.२५ साठी दोन मि.मी., तर ८ साठी साडेतीन मि.मी. इतके कमी करायला हवे. लेथवर सिलिंडर नेण्याआधी हे गणित कागदावर झालेच पाहिजे. उंच माथ्याचा पिस्टन टाकून तेच साधता येते.

आता मिळकत पाहू. सिद्धांताने काढलेली इंजिनाची कार्यक्षमता ६.५ वरून ७.२५ वर गेल्यास सुमारे चार टक्क्यांनी, ८ वर गेल्यास सात टक्क्यांनी वाढते. पुढे ८ वरून ९ वर गेल्यास आणखी साडेतीन टक्केच. लाभ असा आटत जातो. उष्णता आणि नॉकिंगची भीती मात्र वाढत जाते. बिडाचे सिलिंडर ॲल्युमिनियमसारखी उष्णता झटकन सोडत नाही. त्यामुळे रोज वापरायच्या गाडीला साडेसातच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. किकही जड होते. मग डिकॉम्प्रेसरची लिव्हर शोभेची राहत नाही.

कॅम काय करतो?

इंजिनात मिश्रण आत घेणारा एक आणि जळका वायू बाहेर सोडणारा एक असे दोन व्हॉल्व्ह असतात. बुलेटमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र कॅम आहे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे या उंचवट्याचा आकार ठरवतो.

'रेसिंग कॅम' म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम. पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडाच असतो. इंजिन वेगात असेल तर आत घुसणाऱ्या हवेला जोर असतो, ती पिस्टनला न जुमानता आत येत राहते. पण इंजिन संथ असेल तर? एस.टी.च्या दारासारखे होते. बाहेरून लोंढा येत असेल तर दार उघडे राहण्याचा फायदा. लोंढा ओसरला आणि दार उघडेच राहिले, तर आत शिरलेलेही बाहेर ढकलले जातात. भरलेल्या मिश्रणापैकी काही कार्ब्युरेटरकडे परत जाते. कमी वेगावरचा जोर घटतो, इंजिन आयडलवर अडखळते, आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातून निसटल्याने आवरेज व पी.यू.सी. दोन्ही बिघडतात.

सांगायचे ते हेच, की कॅम जोर निर्माण करत नाही. तो खालच्या वेगावरचा जोर उचलून वरच्या वेगावर नेऊन ठेवतो. आणि बुलेटच्या जुन्या गिअरबॉक्सला गिअर फक्त चार. दोन गिअरांमधले अंतर मोठे असल्याने वरचा गिअर टाकताच इंजिनाचा वेग खाली येतो, नेमका जेथून जोर उचलून नेलेला आहे तेथे.

आमच्या भागातले एक दूधवाले आहेत. बुलेटच्या दोन्ही बाजूंना कॅन लावून मळ्यांतून दूध आणतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी असा कॅम बसवून घेतला. सपाट रस्त्यावर गाडी पळू लागली. पण भरलेल्या कॅनांसह मळ्याच्या चढावर पहिल्या गिअरमध्येही गचके देऊ लागली. दूध वेळेवर डेअरीला पोचले नाही, तर ते परत न्यावे लागते. महिनाभराने त्यांनी जुना कॅम परत बसवून घेतला. त्यांना हवा असलेला जोर जुन्या कॅममध्येच होता.

दोघांचा निर्णय एकत्र

व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असेल तर प्रत्यक्ष दाब कागदावरच्या रेशोपेक्षा कमी पडतो. म्हणून मोठा कॅम घालून कॉम्प्रेशन जुनेच ठेवले तर इंजिन मरगळते. उलट कॉम्प्रेशन भरमसाट वाढवून कॅम मूळचा ठेवला तर नॉकिंग होते. दोन्ही एकमेकांकडे पाहून निवडावे लागतात.

त्याखाली तिसरी मर्यादा आहे, ती क्रँक आणि बिग एंडची. ९० मि.मी. स्ट्रोकमुळे ५,६२५ फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १७ मीटर होतो; ७,००० फेऱ्यांवर २१ मीटर. पिस्टनला थांबवून उलट फिरवताना पडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तेथे तो सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त. कॅम ज्या वेगावर जोर देणार, तो वेग जुन्या क्रँकला पेलणारच नसेल, तर तो कॅम कशासाठी?

काम काढण्याआधी

प्रथम बोअर, रिंगा, व्हॉल्व्ह गाइड आणि बिग एंडची झीज मोजून घ्यावी. पुष्कळदा गेलेला जोर येथेच सापडतो. नवा कॅम टाकल्यास टॅपेटही नवे टाकावे. झिजलेला टॅपेट नव्या कॅमला लवकर खातो. सिलिंडरची उंची कमी केली असेल तर पुशरॉडची जुळणी पुन्हा करावी. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती ठेवून, हेड बसवून इंजिन हाताने फिरवावे. मातीवर उमटलेल्या ठशावरून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांत किती अंतर राहते ते कळते. शेवटी इग्निशन टायमिंग आणि जेट नव्याने लावावेत. बोअर वाढवून सी.सी. बदलण्याचा विचार असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आधी पाहावे. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा फेरबदल त्यात बसत नाही.

हा विषय आपल्यापैकी कोणाच्या परीक्षेत येणार नाही. पण घरात जुनी बुलेट असेल आणि कोणी 'जोर वाढवून देतो' म्हणाले, तर पैसे मोजण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारावेत : हा जोर किती फेऱ्यांवर मिळणार? त्याला किती कॉम्प्रेशन लागणार? आणि माझा क्रँक त्या फेऱ्या पेलेल का? तिन्हींची उत्तरे आकड्यांत देणारा मिस्त्री भेटला, तर गाडी खुशाल त्याच्या हाती द्यावी.