पंख्याचे एक पाते तुटते तेव्हा

भीमेच्या दोन्ही काठांवर, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, उसाच्या सऱ्यांमधून चालणारे छोटे ट्रॅक्टर आपण पाहतो. रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनाचे पाणी थंड ठेवणारा पंखा त्यांच्यात बहुधा वॉटर पंपाच्या दांड्यावरच बसवलेला असतो. कधी त्यात काडी अडकते, कधी पंपाचे बेअरिंग झिजून पंखा रेडिएटरला घासतो आणि एखादे पाते तुटते. बांधणीचे दिवस असतात, ट्रॅक्टर उभा ठेवणे परवडत नाही. मग उरलेल्या पात्यांवर काम भागवावे किंवा तुटलेले पाते वेल्ड करून घ्यावे, असे वाटते. यात धोका कोणता?

वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक पात्याला केंद्राकडे ओढणारे बल लागते. पंखा अखंड असताना समोरासमोरच्या पात्यांचे ताण मध्यभागी एकमेकांना तोलतात. एक पाते गेले की हा तोल जातो. समजा, २० ग्रॅमचा तुकडा तुटला, तो केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर होता आणि पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत आहे. बल = वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग. कोनीय वेग सेकंदाला सुमारे २५१ रेडियन. म्हणून बल सुमारे १९० न्यूटन. म्हणजे १९ किलोचे वजन दांड्याला बाजूला ओढत आहे आणि त्याची दिशा सेकंदाला ४० वेळा पूर्ण फिरते आहे! तासाभरात असे १,४४,००० हेलकावे बसतात. आधी पंपाचे सील गळते, मग बेअरिंग जाते. वेग निम्मा केला तर हे बल चौथाई होते, पण नाहीसे होत नाही.

वेल्डिंगने ५ ग्रॅम धातू जास्त चढला, तरी सुमारे ४७ न्यूटनचा असमतोल उरतो. शिवाय सांध्याजवळचा पत्रा तापून कमजोर होतो. तेथून तुकडा पुन्हा सुटला, तर तो ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगाने उडेल. जवळ उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जायला तेवढे पुरे आहे.

समोरचे पातेही कापले तर? तोल बराचसा सावरतो, पण हवा कमी पडते आणि इंजिन तापते. म्हणून पूर्ण पंखाच बदलावा. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. पट्टा काढून पंखा हाताने हलवून पाहावा. दांडा डुगडुगत असेल, तर दोष बेअरिंगचा आहे आणि नवा पंखाही तुटेल. रेडिएटरच्या जाळीतले पाचट काढावे, नळ्यांवर ओरखडे आहेत का ते बघावे. जुना पंखा काढण्यापूर्वी त्याच्या पुढच्या बाजूवर खूण करावी. उलटा बसवल्याने हवेची दिशा बदलत नाही, पण पात्यांची वक्रता उलटी पडून हवा कमी ओढली जाते. शेवटी पंखा हाताने एक फेरा फिरवून तो कोठे घासत नाही ना, याची खात्री करावी.

वर्गात हे सहज दाखवता येईल. खेळण्यातल्या मोटरीवर पुठ्ठ्याचा चार पात्यांचा पंखा बसवा. एक पाते कापा. मोटर हातात थरथरेल. समोरचे कापा, थरथर कमी होईल. पण समोर धरलेली कागदाची पट्टी आता पूर्वीइतकी उडते का, हे विद्यार्थ्यांनाच पाहू द्या.