उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग

साध्या लंबकाचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. दोऱ्याची लांबी मोजायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ पाहायचा, सूत्रात किमती घालायच्या आणि गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवे, हे विद्यार्थ्याला प्रयोगाला हात घालण्यापूर्वीच पाठ असते. ते ९६० आले तर काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. वेळेचा एखादा आकडा खोडला जातो, वहीत ९७९ येते आणि आपण सही करतो.

आता समजा, दोरा ५० सेंटिमीटर लांब आहे आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर आहे. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायला हवी. ती नुसत्या दोऱ्याएवढी धरली तर उत्तर ९६१ च्या आसपास येते. निरनिराळ्या लांबीचे दोरे घेऊन दोऱ्याची लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला, तर सरळ रेषा मिळते. पण ती आरंभबिंदूतून जात नाही. तिच्या चढावरून गुरुत्वत्वरण बरोबर निघते, आणि ती लांबीच्या अक्षाला जिथे छेदते तिथे, उणे बाजूला, गोळ्याची त्रिज्या मिळते. खोडलेल्या आकड्यात एवढे दडलेले होते!

अनपेक्षित आकडा न खोडता त्याच्या मागे जाणे म्हणजे संशोधन. पदवीच्या विद्यार्थ्याला ही सवय लागावी, म्हणून उन्हाळी संशोधन उपक्रम असतात. सुटीचे सहा ते आठ आठवडे विद्यार्थी एखाद्या संशोधन संस्थेत राहतो, एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक छोटा प्रश्न घेतो आणि शेवटी अहवाल लिहितो. त्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. त्यामुळे आकडा जुळवायचा म्हटले तरी कशाशी जुळवणार?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्याची योजना सुरू केली. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८७ पासून अशा उपक्रमांना देशभर अनुदान दिले. आपल्याकडे बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. दोन महिन्यांच्या या योजनेत विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे अनेकांना माहीत नसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अभ्यागत विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आणि पुण्याच्या ‘आयुका’चा सुटीतील उपक्रम भौतिकीच्या विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाचे आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेला राष्ट्रीय उपक्रम तर पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठीच आखला गेला. द्रव्यविज्ञानात, म्हणजे धातू, काच, बहुवारिके अशा द्रव्यांची रचना आणि गुणधर्म यांच्या अभ्यासात, रस असणाऱ्यांसाठी बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे.

आता यवतकडे पाहू. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे गाव पुण्यापासून ४०-४५ किलोमीटरवर आहे. ‘आयुका’, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, ‘आयसर’ या संस्था पुण्यातच आहेत. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आहे. तरीही यवतहून रोज गाडीने महाविद्यालयात जाणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलीपर्यंत या उपक्रमांची माहिती बहुधा मे महिन्यात पोचते. तोवर अर्जांची मुदत संपून काही महिने झालेले असतात. संस्था जवळ असूनही ती लांब राहते, याचे कारण बुद्धीत शोधू नये. तिला वेळेवर सांगणारे कोणी नव्हते, इतकेच.

दुसरी अडचण अर्जातल्या एका परिच्छेदाची असते. तुम्हाला कशात रस आहे आणि का, हे तिथे लिहायचे असते. शहरातली मुले तिथे मोठमोठे विषय लिहितात. यवतच्या मुलीने काय लिहावे? मी म्हणेन, गुळाविषयी लिहावे. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही, आणि गूळ हा द्रव्यविज्ञानाचा उत्तम विषय आहे.

काहिलीत रस आटतो तेव्हा त्यातल्या सुक्रोजचा काही भाग उष्णतेने आणि आम्लतेने फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज बनतात. चुना घातल्याने आम्लता कमी होते आणि ही फूट आटोक्यात राहते. पाक निवताना सुक्रोजचे बारीक स्फटिक होतात. उरलेला भाग रेणूंची शिस्तशीर मांडणी न होताच, काचेसारखा घट्ट होतो. असा अस्फटिक पदार्थ एका ठराविक तापमानाच्या आसपास मऊ पडू लागतो. कोरड्या सुक्रोजसाठी हे तापमान सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअस, तर फ्रुक्टोजसाठी सुमारे ५ अंश असते. त्यात पाणी मिसळले की ते आणखी उतरते. फ्रुक्टोज हवेतला ओलावाही ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात ढेप मऊ पडते आणि गुळाला पाणी सुटते.

हे झाले पुस्तकातले. पण दोन गुऱ्हाळांचा गूळ सारखाच ओलावा घेतो का? चुना कमी-जास्त झाल्याने किती फरक पडतो? यवतच्या गुळापुरते हे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. बंद बरणीत मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले तर आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. द्रावणाच्या वर जाळीवर गुळाचे सारख्या आकाराचे खडे ठेवून रोज वजन करावे आणि आलेख काढावा. खर्च मिठाचा आणि गुळाचा! दोन आठवड्यांत त्या मुलीच्या हाती स्वतःचे आकडे येतील आणि अर्जात लिहायला स्वतःचा प्रश्न मिळेल.

शिक्षकांनी करण्याजोगी कामे तीनच आहेत. पहिले, दिवाळीनंतर लगेच या संस्थांच्या संकेतस्थळांवरील माहिती फलकावर लावावी. बरेचसे अर्ज नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भरायचे असतात. वर्गाच्या अटी आणि तारखा दरवर्षी पाहून घ्याव्यात. दुसरे, शिफारसपत्र मनापासून लिहावे. ‘विद्यार्थी कष्टाळू व सुशील आहे’ या वाक्यावरून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘हिचे उत्तर ९६० आले, तिने ते खोडले नाही, दुसऱ्या दिवशी येऊन पाच लांबींवर मोजले आणि चूक शोधली’, हे एक वाक्य पानभर स्तुतीपेक्षा अधिक बोलते. तिसरे, असे वाक्य लिहिता यावे यासाठी ९६० वर सही करायला आपण तयार असले पाहिजे.

जागा थोड्या असतात आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळे बहुतेकांना नकार येतो, हे मुलांना आधीच सांगावे. निवड झालेल्यांचेही दोन महिने कधी कधी उपकरण जुळवण्यातच जातात. पण बरणीतल्या गुळाचे आकडे कोणाच्या निवडीवर अवलंबून नाहीत. निवड न झालेली मुलगी जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर ते पुढे मोजू शकते. तिचे आकडे बघायला आपण तिथे असावे.