अनुदानाची अट आणि कामाचा हक्क

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात काम, शिक्षण आणि सरकारी साहाय्य हे तीनही हक्क एकाच वाक्यात आले आहेत. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या अवस्थांत नागरिकाला राज्याने साहाय्य द्यावे, असे तेथे म्हटले आहे. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांतला आहे. तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेने बांधलेला आहे, आणि त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही इतिहासाचे अध्यापक म्हणून त्या वाक्याच्या रचनेकडे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. तेथे 'काम किंवा साहाय्य' असे म्हटलेले नाही. प्रत्यक्षातील नियमांनी मात्र या दोन हक्कांत निवड करावयास लावली आहे.

शाळेतून बाहेर पडलेल्या दिव्यांग मुलामुलींचे पालक भेटले की एक प्रश्न हमखास येतो : "सर, हा कामाला लागला तर याचा निराधारचा पगार बंद होईल का?" संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या रकमेला आपल्या वस्त्यांत सर्रास 'पगार' म्हणतात. ज्या रकमेसाठी काम नसल्याचे सिद्ध करावे लागते तिलाच पगार हे नाव मिळावे, यात लोकांच्या बोलीने नकळत एक टीका करून ठेवली आहे. (दिव्यांग या शब्दाविषयीही एक सांगावयास हवे. शरीराच्या उणिवेत काही दैवी असल्याचे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही; परंतु सर्व कागदोपत्री आता तोच शब्द असल्याने येथेही तोच वापरला आहे.)

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'होय' असेच द्यावे लागते. ही योजना १९८० पासून चालू आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीस तिचा लाभ मिळतो. दरमहा दीड हजार रुपये असलेले अनुदान दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झाले. ही वाढ स्वागतार्ह आहे. उत्पन्नाची अट मात्र पाहावी. इतर लाभार्थ्यांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे लागते, तर दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. रोजगार हमीवरील मजुरी ही सर्वांत कमी मानली जाते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ठरलेल्या ३१२ रुपयांच्या त्या दराने घरातील एका माणसाने १६१ दिवस काम केले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

येथे 'कुटुंबाचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत थोरला भाऊ कंत्राटी कामगार आहे आणि धाकटी बहीण अंध आहे. भावाचा पगार मोजला की बहीण कागदावर निराधार उरत नाही, मग तिच्या स्वतःच्या हातात एक रुपयाही येत नसला तरी. सज्ञान स्त्रीला स्वतःचे असे आर्थिक अस्तित्वच हा नियम देत नाही. तुलनेसाठी लाडकी बहीण योजना घ्यावी. २०२४ साली सुरू झालेल्या त्या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली आहे. भगिनींना मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु एकच राज्य एका घरास अडीच लाखांपर्यंत गरजू मानते आणि दिव्यांगाच्या घरास पन्नास हजारांपलीकडे गरजू मानत नाही, हे कोणत्या तत्त्वात बसते?

आता स्वतः काम धरणाऱ्याचा हिशेब मांडू. एखाद्या तरुणास कल्याणमध्ये साडेचार हजारांचे अर्धवेळ काम मिळाले आणि घरात दुसरी मिळकत नाही, असे समजू. वार्षिक उत्पन्न ५४,००० होते. चार हजार रुपये मर्यादेबाहेर गेल्यामुळे तीस हजारांचे वार्षिक अनुदान जाते. महिनाभर राबून हाती पडणारी खरी वाढ दोन हजारांची, आणि त्यातूनही स्थानकापासून कामाच्या जागेपर्यंतचे रिक्षाभाडे वजा होते. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा आहे. फलाटापर्यंत आणि फलाटापासून पुढे नेणारे मात्र काही नाही.

ठाण्यात बारा हजारांची नोकरी मिळाली तर हिशेब बराच सुधारतो, हेही सांगितले पाहिजे. तेथे आकड्यांपेक्षा अनिश्चितता आडवी येते. अशा नोकऱ्या बहुतांशी कंत्राटी असतात. सहा महिन्यांनी काम सुटले, तर पुन्हा अर्ज, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा समितीची मंजुरी. डोंबिवलीकरांनाही त्यासाठी कल्याणचे तहसील कार्यालय गाठावे लागते. शिवाय उत्पन्नाचा दाखला सरलेल्या वर्षाचा असतो. त्यात गेलेल्या नोकरीचा पगार दिसतो, म्हणजे काम नसलेल्या वर्षात काम असलेल्या वर्षाची शिक्षा. अशा वेळी एखादी आई मुलाला नोकरीवर पाठवण्यास कचरली, तर तिला आळशी वा लोभी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिचा हिशेब बरोबर असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग होते. देशभरातील दिव्यांगांपैकी काम करणारे सुमारे ३६ टक्केच होते. शिक्षणाचा अभाव आणि मालकांचे पूर्वग्रह ही त्याची मोठी कारणे आहेतच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के केले. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमानुसार दिव्यांगांचे साहाय्य तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावयास हवे. तरी २०२३ मध्ये अनुदान दीड हजार झाले तेव्हा ते दिव्यांगांना आणि इतर निराधारांना सारखेच होते.

दुसरा मार्ग शक्य आहे, हे आपल्याच देशातील एका कायद्याने दाखवले आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, १९४४ साली, प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, उभा राहिला. वागळे इस्टेटमधील विमाधारक कामगाराची बोटे प्रेस मशीनखाली गेली, तर वैद्यकीय मंडळ त्याची कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात त्याला आयुष्यभर रक्कम मिळते. तो पुन्हा कामावर रुजू झाला तरी ती थांबत नाही. तेथे मोजले जाते ते नुकसान. निराधार योजनेत मोजले जाते ते दारिद्र्य.

अमेरिकेत विमाधारक दिव्यांगांच्या निवृत्तिवेतनालाही कमाईची मर्यादा आहे. २०२५ मध्ये अंध नसलेल्यांसाठी ती महिना १,६२० डॉलर होती. ती पद्धत निर्दोष नाही. परंतु तेथे लाभ चालू ठेवून नऊ महिने काम करून पाहता येते, आणि पुढे लाभ थांबल्यावर त्याच दिव्यांगत्वामुळे पाच वर्षांच्या आत काम सुटले, तर नव्याने अर्ज न करता तो पुन्हा सुरू करण्याची मागणी करता येते. आपल्याकडे एवढी एक तरतूद झाली, तरी वर सांगितलेल्या आईचे उत्तर बदलेल. व्यक्तीचे उत्पन्न कुटुंबापासून वेगळे मोजणे आणि मर्यादा ओलांडताच सारे न तोडता हळूहळू कमी करणे, या मागण्या त्यापुढच्या.

रेल्वेतून वा अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या कायम दिव्यांग अपत्यास आईवडिलांच्या पश्चात आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पूर्वी त्यासाठी अपत्याच्या कमाईची मर्यादा महिना नऊ हजार आणि त्यावरील महागाई साहाय्य एवढी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सैल करण्यात आली. आता अपत्याची इतर कमाई सर्वसाधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि महागाई साहाय्य यांपेक्षा कमी असली, की हक्क टिकतो. तेव्हा 'नोकरी केलीस तर पेन्शन जाईल' असे मुलीला सांगण्यापूर्वी आकडा मांडून पाहावा. दिव्यांग अपत्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात आपल्या हयातीतच नोंदवून घेता येते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडून शेवटच्या कार्यालयाकडे अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी.