म्हैसूर संस्थान ते कर्नाटक : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आजच्या कर्नाटक राज्याचा अर्वाचीन इतिहास मराठी वाचकाला बहुधा काही ठोकळ विधानांतून परिचित असतो. बेंगळुरू इंग्रजांनी वसवले, म्हैसूरवर वडियार घराण्याने अखंड राज्य केले आणि १९५६ मध्ये कर्नाटक जन्माला आले, ही त्यांपैकी प्रमुख होत. यातील प्रत्येक विधानात सत्याचा थोडा अंश आहे. म्हणूनच ती इतकी टिकून राहिली आहेत.

पहिल्या विधानाचा निकाल लवकर लागतो. बेंगळुरूच्या दक्षिणेस बेगूर येथील नागेश्वर मंदिरात इ. स. ९०० च्या सुमाराचा एक वीरगळ असून त्यात बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. मातीचा किल्ला आणि त्यालगतची पेठ केंपेगौडाने १५३७ मध्ये उभारली असे मानले जाते. इंग्रजांची लष्करी छावणी तेथे आली ती १८०९ मध्ये, म्हणजे पेठ वसल्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी.

मराठी वाचकांचा खास असा एक समज आहे: बेंगळुरू हे मराठ्यांचे स्वतंत्र ठाणे होते आणि म्हैसूरकरांनी ते लढून घेतले. वस्तुतः १६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि पुढे ते आदिलशाहीची जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले. तेथील कारभार मराठी असला तरी सार्वभौमत्व विजापूरचे होते. शहाजीराजांनंतर ही जहागीर त्यांचे पुत्र एकोजी यांच्याकडे गेली, परंतु त्यांनी तंजावरला राज्य स्थापल्यावर दूरचे बेंगळुरू सांभाळणे अवघड झाले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखान याने शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियाराच्या स्वाधीन केले. या व्यवहाराची किंमत तीन लाख रुपये असल्याचे इतिहासग्रंथांत नमूद आहे. शहराचा हातबदल तलवारीने नव्हे, पैशाने झाला, हे दोन्ही बाजूंच्या अभिमानाला फारसे रुचत नसावे.

त्यानंतरच्या शतकात म्हैसूरचे सत्ताधीश हैदरअली आणि टिपू यांच्याशी झालेली युद्धे केवळ इंग्रजांची होती, असेही मानले जाते. मार्च १७९१ मध्ये बेंगळुरूचा किल्ला लॉर्ड कॉर्नवॉलिसने घेतला. पण त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या, आणि १७९२ च्या तहात टिपूच्या मुलखाचा वाटा मराठ्यांनाही मिळाला.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज मात्र एकोणिसाव्या शतकाविषयीचा आहे. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये डलहौसीने खालसा केल्याचे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्यामुळे म्हैसूरविषयी तो दोन टोकांच्या कल्पना बाळगतो: एक तर तेही दत्तकाच्या प्रश्नावरून गेले, किंवा ते कधी गेलेच नाही. प्रत्यक्षात ४ मे १७९९ रोजी टिपू पडल्यावर इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वडियार तिसरे यांना गादीवर बसवले आणि टिपूच्याच चाकरीतील पूर्णय्या यांना दिवाण, म्हणजे मुख्य कारभारी, म्हणून कायम ठेवले. तैनाती फौजेसाठी, म्हणजे संस्थानात ठेवलेल्या इंग्रज सैन्याच्या खर्चासाठी, वर्षाला साडेचोवीस लाख रुपये द्यावे लागत, आणि कारभार बिघडल्यास तो ताब्यात घेण्याचा अधिकार कंपनीने तहातच राखून ठेवला होता. १८३०-३१ मधील संस्थानातल्याच नगर भागातील शेतकऱ्यांच्या उठावाचे निमित्त करून गव्हर्नर जनरल बेंटिंकने नेमका हाच अधिकार वापरला. त्या वेळी डलहौसी भारतात आलाही नव्हता. राजा नावाला राहिला, आणि पुढची पन्नास वर्षे इंग्रज कमिशनरांनी राज्य चालवले. त्यांपैकी मार्क कब्बन एकटाच १८३४ ते १८६१ एवढा काळ त्या पदावर होता.

बेंगळुरू राजधानी झाले ते या काळात. राजवाडा म्हैसूरला राहिला, परंतु कचेऱ्या बेंगळुरूस आल्या, आणि १८६८ मध्ये पूर्ण झालेल्या अठरा कचेरीत, जेथे आज कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे, कारभार स्थिरावला. राजाने १८६५ मध्ये घेतलेला दत्तक इंग्रजांनी दोन वर्षांनी मान्य केला आणि २५ मार्च १८८१ रोजी या दत्तकपुत्राकडे, म्हणजे चामराजेंद्र वडियारांकडे, राज्य परत दिले. या घटनेला इतिहासकार ‘रेंडिशन’, म्हणजे सत्तेचे प्रत्यार्पण, म्हणतात. मात्र वार्षिक रक्कम पस्तीस लाखांपर्यंत वाढवण्यात आली आणि कमिशनरांच्या काळातील कायदे व्हाइसरॉयच्या संमतीविना बदलू नयेत अशी अट घातली गेली. एकाच वेळी परत दिलेले आणि हातात ठेवलेले असे हे राज्य होते.

ते हातात ठेवणे नकाशावरही दिसत होते. छावणीचा प्रदेश राजाकडे गेला नाही. ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ या नावाने तो ब्रिटिश रेसिडेंटच्या अधिकाराखाली राहिला. त्यामुळे एकाच शहराच्या पेठेत महाराजांचा आणि छावणीत ब्रिटिशांचा अंमल चाले. नगरपालिकाही दोन होत्या. हा भाग म्हैसूरला जुलै १९४७ मध्ये परत मिळाला, आणि दोन्ही नगरपालिका एक झाल्या त्या १९४९ मध्ये. बेंगळुरू संस्थानी होते की ब्रिटिश, या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नाही.

स्वातंत्र्यानंतरचा गोंधळ मुख्यतः नावांचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई, हैदराबाद आणि मद्रास राज्यांतील कन्नड जिल्हे व कुर्ग म्हैसूरला जोडले गेले, पण राज्याचे नाव म्हैसूरच राहिले. याच वेळी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला. तो ‘महाराष्ट्रातून काढून दिला’ असे मराठीत सर्रास लिहिले जाते. बेळगाववरील मराठी भाषकांचा दावा कितीही सबळ असला तरी हे वाक्य चुकीचे आहे, कारण जिल्हा मुंबई राज्यातून गेला होता आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. ‘कर्नाटक’ हे नाव देवराज अर्स मुख्यमंत्री असताना १ नोव्हेंबर १९७३ पासून लागू झाले. त्यामुळे सीमाप्रश्नावर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाची मूळ कागदपत्रे चाळणाऱ्याला त्यांत महाराष्ट्राचा प्रतिपक्ष म्हणून म्हैसूर राज्य भेटेल.