शेजाऱ्याचं दिवाळं, आपली दिवाळी

14 फेब्रुवारी 2012. ग्लासगोतल्या रेंजर्स फुटबॉल क्लबवर प्रशासक बसला. आपल्याकडे बुडीत सहकारी बँकेवर बसतो, अगदी तसाच. अर्ध्या शहराला सुतक लागलं आणि उरलेल्या अर्ध्यानं पार्टीची तयारी सुरू केली. शहरातल्या दुसऱ्या क्लबच्या, म्हणजे सेल्टिकच्या पाठीराख्यांनी तर बेतही ठरवून टाकला: जेली आणि आइस्क्रीम. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या वाढदिवसाला हमखास असतात ते दोन पदार्थ. रेंजर्स मेले की आपण जेली-आइस्क्रीम हाणणार, अशा अर्थाचं गाणं स्टँडमध्ये घुमायला लागलं. पाचच दिवसांनी सेल्टिकनं एडिनबरात जाऊन तिथल्या हिब्स क्लबला 5-0 असं धुतलं, पण त्या आठवड्यात चर्चा गोलांची नव्हती.

वाईट आहे का हे? आहे. पण इतका बिनकष्टाचा आनंद खेळात दुसरा नसावा. आपण जिंकायचं तर घाम गाळावा लागतो. शेजारी बुडतो तेव्हा नुसतं बघत बसलं तरी चालतं.

एक पौंड फक्त

रेंजर्स बुडाला तो सरळसोट नाही. मे 2011 मध्ये क्रेग व्हाइट यांनी तो मालक डेव्हिड मरे यांच्याकडून विकत घेतला, एका पौंडाला. त्याबरोबर बँकेचं सुमारे 1.8 कोटी पौंडांचं कर्ज फेडायची जबाबदारी आली. व्हाइट यांनी ते फेडलं, पण पुढच्या काही वर्षांच्या सीझन तिकिटांचं उत्पन्न टिकटस नावाच्या कंपनीला आगाऊ विकून. म्हणजे क्लब वाचवला चाहत्यांनीच, फक्त त्यांना ते सांगायचं राहून गेलं. मग पगारातून कापलेला करही सरकारजमा होईना, आणि कर खात्यानं मान धरली. (व्हाइट यांच्यावर फसवणुकीचा खटला चालला, 2017 मध्ये ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं.)

गंमत पुढेच आहे. प्रशासकांनी घेणेकऱ्यांची यादी काढली. तीत ऑस्ट्रियाचा रॅपिड व्हिएन्ना होता, एका स्ट्रायकरच्या किमतीतले दहा लाखांहून जास्त पौंड यायचे होते म्हणून. एडिनबराचा हार्ट्सही होता. आणि सुमारे 40 हजार पौंड येणं असलेला आणखी एक क्लब होता: सेल्टिक. जेली खाणाऱ्यांचेही पैसे अडकले होते!

यांना आत घेऊ नका

जून 2012 मध्ये तडजोडीचा प्रस्ताव कर खात्यानं फेटाळला आणि जुनी कंपनी अवसायनात गेली. चार्ल्स ग्रीन या उद्योजकाच्या मंडळींनी मालमत्ता 55 लाख पौंडांना उचलली. आता या नव्या कंपनीला थेट वरच्या लीगमध्ये बसवायचं का, हा प्रश्न होता. हिशेबाच्या वह्या सांगत होत्या, बसवा; रेंजर्सचा संघ आला की छोट्या क्लबांचा गल्ला भरतो. पण त्याच छोट्या क्लबांच्या चाहत्यांनी बजावलं की, त्यांना घेतलंत तर आम्ही सीझन तिकीट काढणार नाही. मालकांना घाम फुटला. मतदान झालं तेव्हा दहा क्लब विरोधात, एक तटस्थ, आणि बाजूनं एकटं मत खुद्द रेंजर्सचं.

रवानगी झाली चौथ्या पायरीवर. स्कॉटिश फुटबॉल संघटनेचे प्रमुख कार्यकारी स्टुअर्ट रेगन यांनी तर रेंजर्स नसतील तर समाजात अशांतता माजेल असा इशारा दिला होता. अशांतता कसली! त्याच मोसमात सेल्टिकनं स्वतःच्या मैदानावर बार्सिलोनाला 2-1 असं हरवलं आणि सेंट मिरेननं लीग कप उचलला.

तळघरातली गर्दी

शेजारी तळाला गेला की तो रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळताना बघायला मिळेल, अशी प्रतिस्पर्ध्यांची अपेक्षा असते. इथे उलटंच झालं. घरच्या पहिल्या लीग सामन्याला, ईस्ट स्टर्लिंगशायरसारख्या संघाविरुद्ध, आयब्रॉक्स या रेंजर्सच्या मैदानावर 49,118 लोक आले. मोसमाच्या शेवटच्या सामन्याला 50,048. चौथ्या दर्जाच्या फुटबॉलला! नोव्हेंबरमध्ये एल्गिन या उत्तरेकडच्या गावी सामना होता. तिथल्या क्लबनं उत्साहाच्या भरात मैदानात मावतील त्यापेक्षा जास्त तिकिटं विकली आणि सामनाच पुढे ढकलावा लागला. पीटरहेडला मात्र पहिल्याच लीग सामन्यात 2-2 अशी बरोबरी झाली होती, ती सेल्टिकवाल्यांना पुष्कळ दिवस पुरली.

आणि चिडवणं? ते आता कायदेशीर भाषेत गेलं. मालमत्ता घेणाऱ्या कंपनीचं सुरुवातीचं नाव होतं सेव्हको. सेल्टिकचे कट्टर चाहते आजही रेंजर्सला त्याच नावानं हाक मारतात: जुना क्लब मेला, हा नवाच कोणी. रेंजर्सवाले म्हणतात, कंपनी मेली, क्लब तोच. 2015 मध्ये दोन्ही संघ लीग कपच्या उपांत्य फेरीत समोरासमोर येणार होते. तेव्हा सेल्टिकच्या काही चाहत्यांनी वर्गणी काढून 'संडे हेराल्ड'मध्ये पानभर जाहिरात दिली. मजकुराचा सारांश असा की, या दोन क्लबांची ही पहिलीच भेट आहे. शंभराहून जास्त वर्षांचं वैर निकालात काढायला एक पान पुरलं. सेल्टिकनं सामना 2-0 असा जिंकला, वाद मात्र अजून बरोबरीत आहे.

तसं पाहिलं तर 1994 च्या मार्चमध्ये सेल्टिकच या जागी होता. बँक दार बंद करायला निघालेली असताना कॅनडात पैसा कमावून परतलेले फर्गस मॅकान यांनी क्लब वाचवला, नवं स्टेडियम उभारलं, 1998 मध्ये विजेतेपदही आलं. ध्वज फडकवायला ते उभे राहिले तेव्हा सेल्टिकच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. वाचवणाऱ्याला फुटबॉलमध्ये फार दिवस हार घालत नाहीत.

हसणाऱ्याचे दात

एडिनबरात जे झालं ते एखाद्या लेखकानं लिहिलं असतं तर संपादकानं 'फारच जमवून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं. जून 2013 मध्ये हार्ट्सवर प्रशासक आला आणि पुढचा मोसम संघानं उणे 15 गुणांवर सुरू केला. त्याच शहरातल्या हिब्सच्या गोटात आनंदीआनंद. हार्ट्स खाली जाणार हे उघड होतं. ते आपल्या हातून गेले तर दुधात साखर. 30 मार्च 2014 ला हिब्सचे लोक त्या तयारीनं हार्ट्सच्या मैदानावर गेले आणि 0-2 असे हरून आले. हार्ट्स नंतर खाली गेलेच, पण एप्रिलअखेर हिब्सच्या घरी येऊन पुन्हा जिंकले. एक दंड नाही, प्रशासक नाही, तरी हिब्स घसरत घसरत प्ले-ऑफपर्यंत पोहोचले. तिथे हॅमिल्टनविरुद्ध पहिला सामना 2-0 असा जिंकला, दुसरा घरच्या मैदानावर गमावला, आणि पेनल्टीवर तेही खाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या पायरीवर हार्ट्स, हिब्स आणि वर चढत आलेले रेंजर्स असे तिघेही एकाच पंगतीला.

या शहराची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1990 मध्ये हिब्स कर्जात असताना हार्ट्सचे अध्यक्ष वॉलेस मर्सर यांनी तो विकत घेऊन शहराचा एकच क्लब करायचा घाट घातला. हिब्सच्या चाहत्यांनी बचावाची मोहीम उभारली. त्यांच्या सभेला पाठिंबा द्यायला कोण आलं? जॉन रॉबर्टसन, हार्ट्सचा स्ट्रायकर, ज्यानं हिब्सविरुद्ध सर्वांत जास्त गोल केले. गोल मारायला समोर कोणीतरी हवं ना.

रुग्णवाहिकेचे 2,700 पौंड

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ आणि साउदॅम्प्टन यांचं हाडवैर. एप्रिल 2009 मध्ये साउदॅम्प्टनची पालक कंपनी बुडाली, 10 गुण कापले गेले, पोर्ट्समथमध्ये हशा. फेब्रुवारी 2010 मध्ये पोर्ट्समथ बुडाला. प्रीमियर लीगमध्ये असताना प्रशासकाच्या ताब्यात गेलेला पहिलाच क्लब. आता हशा साउदॅम्प्टनमध्ये. मधल्या काळात पोर्ट्समथनं एफए कपमध्ये साउदॅम्प्टनला त्यांच्याच घरी 4-1 असं लोळवलं, तेही प्रशासक यायच्या दोन आठवडे आधी!

पण पोर्ट्समथची घेणेकऱ्यांची यादी बाहेर आल्यावर हसणं जरा अवघड झालं. सामन्यात प्रथमोपचाराला उभ्या राहणाऱ्या सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या स्वयंसेवी संस्थेचे सुमारे 2,700 पौंड थकलेले होते. इंग्लिश फुटबॉलच्या नियमानुसार खेळाडू आणि इतर क्लब यांचे पैसे पूर्ण चुकते करावे लागतात, बाकीच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. लाखोंचा पगार घेणारा खेळाडू रांगेत पुढे आणि त्याचा मुरगळलेला पाय बांधणारा मागे. हा नियम ज्यांनी लिहिला, त्यांना कोणी चिडवल्याचं ऐकिवात नाही.

उसनवारी, जर्मन पद्धतीची

जर्मनीत चिडवण्याचीही सोय पुढाऱ्यांनी स्वतःकडे ठेवली. बोरुसिया डॉर्टमुंड 2004 च्या सुमारास दिवाळखोरीच्या काठावर होता, तेव्हा बायर्न म्युनिकनं त्याला 20 लाख युरो उसने दिले. बायर्नचे तेव्हाचे अध्यक्ष उली होएनेस यांनी 2012 मध्ये हे जगजाहीर केलं. वेळ नेमकी साधलेली, कारण डॉर्टमुंड त्या सुमाराला बायर्नवर भारी पडत होता.

हॅम्बुर्गचा सेंट पाउली त्याहून मजेदार. 2002 मध्ये त्यांनी जगज्जेत्या बायर्नला 2-1 असं हरवलं आणि 'जगज्जेत्यांचे जेते' असे टी-शर्ट छापून विकले. वर्षभरात तिजोरी रिकामी. 2003 मध्ये मदतीसाठी सामना खेळायला त्यांच्या मैदानावर आला तो बायर्नच.

सात मांजरं

अर्जेंटिनात चिडवण्याला भूत-भानामतीचीही जोड आहे. आवेयानेदामध्ये रेसिंग आणि इंदिपेन्दिएन्ते या दोन क्लबांची स्टेडियम चालत पाच मिनिटांवर. 1967 मध्ये रेसिंगनं सेल्टिकला (हो, तोच) हरवून जगज्जेतेपद मिळवलं. त्या धामधुमीत इंदिपेन्दिएन्तेच्या लोकांनी रेसिंगच्या मैदानात सात मेलेली काळी मांजरं पुरली, अशी आख्यायिका आहे. पुढे रेसिंगचं नशीब असं फिरलं की 1983 मध्ये आधीच खालच्या लीगमध्ये ढकलल्या गेलेल्या रेसिंगला हरवून इंदिपेन्दिएन्तेनं विजेतेपद घेतलं. मार्च 1999 मध्ये दिवाळखोरीच्या प्रकरणात न्यायालयानं नेमलेल्या अधिकारी बाईंनी रेसिंग ही संस्था आता अस्तित्वात नाही, असं टीव्हीसमोर सांगून टाकलं. तीन दिवसांनी, 7 मार्चला, सामना होणार नव्हता तरी हजारो लोक स्टेडियममध्ये येऊन बसले. तो दिवस रेसिंगवाले अजून साजरा करतात.

2001 मध्ये प्रशिक्षक मोस्ताझा मेर्लो यांनी मैदान खणायला लावलं. सहा मांजरं पूर्वीच सापडली होती, सातवं तेव्हा काँक्रीटखाली मिळालं असं म्हणतात. त्याच डिसेंबरात, देश स्वतः दिवाळखोर होत असताना, रेसिंग 35 वर्षांनी विजेता झाला.

2023 मध्ये फेरा उलटला. कर्जात बुडालेल्या इंदिपेन्दिएन्तेसाठी सान्तियागो मारातेया या सोशल मीडियावरच्या लोकप्रिय तरुणानं देशभर वर्गणी गोळा केली. या वेळी मांजरं कोणी पुरली, याचा तपास अजून लागलेला नाही.